सोळाव्या वर्षी ज्ञानेश्वरी

मराठी बापाच्या भात्यात एक ठेवणीतला बाण असतो. मुलगा नववी-दहावीत गेला, गणितात मागे पडू लागला, आरशासमोर उभा राहण्याचा त्याचा वेळ वाढला, की तो बाण बाहेर निघतो. “अरे, ज्ञानेश्वरांनी सोळाव्या वर्षी ज्ञानेश्वरी लिहिली. आणि तू?” माझ्या वडिलांनी हा बाण माझ्यावर सोडला होता. त्यांची ज्ञानेश्वरी देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात लाल फडक्यात बांधलेली असे आणि ते फडके दसऱ्याला हळदकुंकू वाहण्यापुरते सुटे. पण बाण सोडायला ग्रंथ वाचलेला असावाच लागतो असे थोडेच आहे? पुढे मीही तो माझ्या मुलावर सोडला. नेम अचूक लागला. किती अचूक, हे कळायला मला सत्तावीस वर्षे लागली.

कळण्याचे निमित्त झाली माझी नात. २०२५ च्या एप्रिलमध्ये ती पुण्याहून आमच्याकडे राजारामपुरीत सुट्टीला आली. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपलेली, निकाल मे महिन्यात लागायचा. हे मधले दिवस आमच्या काळी फार सुखाचे असत. पंचगंगेत डुंबावे, सायकलींवरून पन्हाळ्याला जावे, रात्री गल्लीत खाटा टाकून भुतांच्या गोष्टी सांगाव्यात. आताच्या मुलांना ते दिवस तसे लाभत नाहीत. अकरावीच्या क्लासची फी आधीच भरलेली असते आणि सुट्टीत सोडवायला क्लासवाल्यांनी कागदांचा गठ्ठा दिलेला असतो. पोरगी दिवसभर माडीवरच्या खोलीत दार लावून बसे. “जेवायला ये” म्हटले की येई. “काय चाललंय?” म्हटले की “काही नाही” म्हणे. हिने मला दोनदा सांगितले, “पोरगी बोलत नाही हो. तुम्ही जरा बघा की.” मी बघणार म्हणजे काय करणार? बँकेत उभी हयात गेली. समोर बसलेल्या माणसाची पत किती, हे त्याच्या चपलांवरून ओळखायला शिकलो. पण पंधरा वर्षांच्या मुलीच्या मनात काय चालले आहे ते विचारायचा फॉर्म आमच्या कुठल्याच शाखेत छापलेला नव्हता.

त्याच महिन्यात दिग्पाल लांजेकर यांचा ‘संत ज्ञानेश्वरांची मुक्ताई’ हा चित्रपट लागला. पेपरातली जाहिरात मी तिच्यापुढे धरली.

“देवाचा पिक्चर आहे का?”

“संतांचा आहे.”

“म्हणजे तेच की,” ती म्हणाली. पण आली. आजीसाठी आली असावी.

चित्रपटगृहात पुढच्या तीन रांगा कुठल्याशा भजनी मंडळाच्या बायकांनी भरल्या होत्या. मी इथे चित्रपटाचे परीक्षण करायला बसलेलो नाही. ते काम करणारे करतील. मला महत्त्वाची वाटली ती एवढीच गोष्ट की, आजवर भावांच्या मागे तिसऱ्या-चौथ्या जागी उभी असणारी धाकटी बहीण इथे नावातच पुढे आली होती. नात सबंध वेळ खुर्चीच्या कडेवर बसून होती. परतताना रिक्षात तिने विचारले, “आजोबा, आई-बाबा गेले तेव्हा मुक्ता केवढी होती?”

मी बँकेतल्या सवयीने हिशेब मांडला. परंपरेने धरलेल्या जन्मसालांप्रमाणे निवृत्तिनाथ शके ११९५ चे, ज्ञानदेव ११९७ चे, सोपान ११९९ चा आणि मुक्ताई १२०१ ची. अभ्यासकांत या सालांबद्दल मतभेद आहेत, पण भावंडांत दोन-दोन वर्षांचे अंतर सर्वसाधारणपणे मान्य आहे. म्हणजे विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंनी प्रायश्चित्त म्हणून देहत्याग केला तेव्हा ही मुलगी सात-आठ वर्षांचीही नसणार.

“मग पोरांना कुणी विचारलं का?”

“काय विचारलं?”

“की तुमचे आई-बाबा असं करतायत, चालेल का तुम्हाला?”

रिक्षावाल्याने मान वळवून मागे पाहिले. मी काही उत्तर दिले नाही. साठ वर्षे कीर्तने, प्रवचने ऐकली. मंडपात उन्हाळ्याचा घाम पुसत, हिवाळ्यात कानटोपी घालून ऐकली. संन्याशाची पोरे म्हणून आळंदीने त्यांना कसे छळले, ब्रह्मवृंदाने कसे प्रायश्चित्त सांगितले, आई-बापांनी कसा देह ठेवला आणि पुढे त्या चार मुलांनी जगाला कसे तारले, हे सगळे मला पाठ आहे. बुवा त्या जागी आले की मृदंग थांबतो, आवाज खाली येतो, बायका पदर डोळ्यांना लावतात, आणि मग कथा पैठणकडे निघते. मुलांना कुणी विचारले का, हा प्रश्न त्या मंडपात कधी कुणी उठवल्याचे मला आठवत नाही. मीही कधी उठवला नाही.

घरी आल्यावर मी जरा फुशारकीने सांगितले की, या गोष्टीवरचा खरा चित्रपट आपल्या कोल्हापूरच्या माणसांनी केलेला आहे, आणि तो १९४० साली.

ही फुशारकी अगदीच पोकळ नव्हती. ‘प्रभात’ची स्थापना १९२९ साली कोल्हापुरात झाली. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी हे पाच भागीदार. १९३३ साली मंडळी पुण्याला गेली. आज फिल्म इन्स्टिट्यूट जिथे उभी आहे तीच ती जागा. दामले आणि फत्तेलाल हे दोघे मूळचे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतले, हातात ब्रश आणि रंधा धरून सिनेमा शिकलेले. त्यांचा ‘संत तुकाराम’ १९३६ चा. मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षभराहून अधिक चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. त्यानंतर चार वर्षांनी याच जोडीने ‘संत ज्ञानेश्वर’ केला. लेखन शिवराम वाशीकरांचे, गीते शांताराम आठवल्यांची, संगीत केशवराव भोळ्यांचे. शेख फत्तेलाल म्हणजे साहेबमामा, आपल्या कागलचे मुसलमान. ज्ञानेश्वरांचे काम केले शाहू मोडक यांनी, ते नगरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबातले. आळंदीच्या ज्या मुलांना त्यांच्याच जातीने दाराबाहेर ठेवले त्यांची गोष्ट पडद्यावर अशा हातांनी आणली. त्या काळी यावरून कुणी आरडाओरडा केल्याचे माझ्या वाचनात नाही. आज असे पात्रयोजन जाहीर झाले तर काय होईल, याचा विचार मी रविवारच्या सकाळी करू इच्छित नाही.

हा चित्रपट मी प्रथम वडिलांबरोबर पाहिला. जुन्या चित्रपटांचे मॅटिनी खेळ लागत तेव्हा. वडील शाहू मिलमध्ये टाइमकीपर होते, घड्याळाचा माणूस. घरात त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेले मी दोनदाच पाहिले, पण चित्रपटगृहात मात्र ते मोकळेपणाने रडत. शाळेने आम्हाला अत्र्यांचा ‘श्यामची आई’ दाखवला तेव्हा आम्हीही असेच रांगेने रडलो होतो. मुलांना संस्कार म्हणून सिनेमा दाखवायचा, तो रडवणारा असला म्हणजे संस्कार झाले, अशी आमच्या पिढीच्या पालकांची आणि शिक्षकांची ठाम समजूत होती. श्यामच्या पायाला घाण लागू नये म्हणून पदर पसरणाऱ्या आईचे सांगत. पण तो पदर जन्मभर जपणाऱ्या साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःचे आयुष्य स्वतः संपवले, हे मला कळले तेव्हा मी कॉलेजात होतो, आणि तेही मित्राकडून, हलक्या आवाजात. इतक्या हळव्या माणसाला कुणाशी बोलता आले नाही का, हा प्रश्न त्या वयात पडायला हवा होता. मला तेव्हा गुरुजींचा राग आला होता.

आता १९९८ ची गोष्ट. त्या वेळी मी भुदरगड तालुक्यातल्या एका शाखेत अधिकारी होतो. सोमवारी पहाटेची एसटी, शनिवारी संध्याकाळी परत. मुलगा दहावीत. दिवाळीच्या आधी सहामाहीचा निकाल आला. गणितात एकतीस. मी रागावलो नाही. मला वाटले, आपण सुशिक्षित माणसे, कादंबऱ्या लिहितो, मारझोड आपल्याला शोभत नाही. मुलाला काही उदात्त दाखवावे. राजारामपुरीत तेव्हा कॅसेट लायब्ऱ्या पैशाला पासरी होत्या. मी ‘संत ज्ञानेश्वर’ची कॅसेट आणि व्हीसीआर भाड्याने आणला. बहिणीची मुले दिवाळीला आली होती, शेजारची दोन पोरे येऊन बसली. चित्रपट सुरू झाला. बाळ ज्ञानदेव भिक्षेला जातो, गाव तोंड फिरवते, आई-वडील मुलांना मागे ठेवून निघतात. मुलगा पुढे सरकून बघत होता. मी त्याच्याकडे बघत होतो, आणि परिणाम होतो आहे असे वाटून मनात खूश होत होतो.

मग पैठण आले. रेडा आला. ज्ञानदेवांनी त्याच्या मस्तकावर हात ठेवला आणि रेडा वेद म्हणू लागला. मी रिमोटचे बटण दाबून चित्र थांबवले. जुनी कॅसेट, पडद्यावर ज्ञानदेव आणि रेडा दोघेही थरथरत उभे राहिले. मी म्हणालो, “बघ. त्यांनी सोळाव्या वर्षी ज्ञानेश्वरी लिहिली. अरे, इथं रेडा वेद म्हणतोय, आणि तुला एक समीकरण सुटत नाही.”

पोरे हसली. विनोद चांगला होता, मलाही हसू आले. मुलगा उठला. पायात चपला सरकवून बाहेर गेला. मी पुन्हा बटण दाबले. तो अकराच्या सुमाराला परतला तेव्हा मी जागा होतो, पण झोपलो आहे असे दाखवले. मित्राकडे गेला असेल, असे मी हिला सांगितले होते.

सोळाव्या वर्षाचे गणित चुकीचे नाही, हे आधी सांगून टाकतो. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस शके १२१२ ची स्पष्ट नोंद आहे आणि लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचेही नाव आहे. म्हणजे इसवी सन १२९०. जन्म १२७५ चा धरला तर पंधरा पूर्ण, सोळावे चालू. सुमारे नऊ हजार ओव्या, नेवाशाला, प्रवरेच्या काठी. आकडे बरोबर आहेत. पण ताळेबंदाला दोन बाजू असतात, आणि आम्ही बाप मंडळी एकच बाजू वाचून दाखवतो. दुसऱ्या बाजूला काय लिहिले आहे? मुंज नाकारलेली. गावाने वाळीत टाकलेले. आई-वडील गेलेले. शुद्धिपत्रासाठी आळंदीहून पैठणपर्यंतची पायपीट, ती मोठ्यांच्या गुन्ह्यासाठी. आणि गुन्हा तरी काय, तर एका माणसाने संन्यास घेतला आणि गुरूच्याच आज्ञेने तो परत संसारात आला. एवढे सगळे सोसून त्या मुलाने काही लिहिले असेल तर ते त्याच्याजवळ सतरा वर्षांचा एक भाऊ होता म्हणून. निवृत्तिनाथ त्याचे गुरू होते असे आपण म्हणतो आणि हात जोडतो, पण वय विसरतो. दोन वर्षांनी मोठ्या भावाने धाकट्याला “तू लिही” म्हटले होते. “आणि तू?” असे विचारले नव्हते.

वाळीत टाकणे म्हणजे काय, हे मी टेबलाच्या या बाजूने एकदा पाहिले आहे. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट, भुदरगडच्याही आधीची शाखा. गावाचे नाव सांगत नाही. एका शेतकऱ्याच्या थोरल्या मुलाने जातीबाहेर लग्न केले होते. जोडपे पळून गेले, सापडले नाही, म्हणून भावकीने मागे राहिलेल्यांना धरले. त्यांच्या घरी कुणी जायचे नाही, विहिरीच्या पाळीत त्यांचे नाव नाही, गिरणीवाला दळण घेईना. तो माणूस पीककर्जासाठी शाखेत आला. सोबत चौदा-पंधरा वर्षांचा धाकटा मुलगा, कागद धरायला. ते दोघे बाकावर बसले आणि बाकावरचे बाकीचे तिघे उठून उभे राहिले. कुणी काही बोलले नाही. कर्जाला गावातले दोन जामीनदार लागत. कोण सही करणार? मी त्याला आठ दिवसांची मुदत दिली, तो परत तसाच आला. मी अर्जावर लिहिले, ‘जामीनदारांअभावी प्रकरण परत.’ बापाला वाचता येत नव्हते. मुलाने ते त्याला वाचून दाखवले, शाळेत धडा वाचतात तसे. मग कागद नीट घडी करून खिशात ठेवला. ते दोघे पायऱ्या उतरून गेले. त्या क्षणी मला आळंदी आठवली, असे लिहिता आले असते तर बरे वाटले असते. मला शनिवारची एसटी आठवली होती. नियमाप्रमाणे माझे काही चुकले नव्हते. मी वरच्या कार्यालयाला एक पत्र लिहू शकलो असतो, एवढेच.

सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा महाराष्ट्राच्या विधिमंडळाने २०१६ साली केला, २०१७ पासून तो लागू झाला. देशात असा कायदा करणारे आपले पहिले राज्य. याचा अभिमान जरूर बाळगावा, आणि त्याच वेळी हेही लक्षात घ्यावे की, ज्ञानेश्वर माउली म्हणून गळ्यात माळ घालणाऱ्या या राज्याला तसा कायदा करण्याची गरज सातशे वर्षांनंतरही पडली. मला त्या मुलाचे पुढे काय झाले ते ठाऊक नाही. आज तो पन्नाशीकडे झुकला असेल.

तर नातीने तिच्या मोबाईलवरून टीव्हीवर तो जुना चित्रपट लावला. शनिवार होता. मुलगा रात्री पुण्याहून तिला न्यायला येणार होता. आम्ही दोघेच हॉलमध्ये, ही आत स्वयंपाकघरात. मला भीती होती की, काळे-पांढरे चित्र, बेलबुट्टीसारखे संवाद, ही पोरगी दहा मिनिटांत उठेल. ती उठली नाही. मधूनमधून प्रश्न विचारत राहिली. झोळी रिकामी घेऊन परतणाऱ्या पोराकडे बघून म्हणाली, “आमच्या वर्गात एक मुलगी आहे. तिच्या डब्यातलं कुणी घेत नाही.”

“का?”

“असंच. एकीनं ठरवलं, मग सगळ्यांनी.”

“तू घेतेस का?”

ती बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “दोनदा घेतलं. मग मलाही ग्रुपमधून काढलं.”

म्हणजे माडीवरचे दार यासाठी बंद होते तर. मी काही उपदेश सुरू करणार होतो, पण तेवढ्यात रेडा आला, आणि मी एकदम गप्प झालो. ती मात्र हसली. “आजोबा, ते पंडित म्हणतात ना की रेड्यात आणि तुझ्यात एकच आत्मा कसा, तर त्याला वेद म्हणायला लाव. पण ह्यांना वेद म्हणून दाखवायची गरज काय होती? नसता म्हटला रेड्यानं, तर मग काय पोरं वाईट ठरली असती का?”

मी कोल्हापूरचा माणूस. आमच्या छत्रपतींना पंचगंगेवर वेदोक्त मंत्र म्हणायला पुरोहिताने नकार दिला, त्यावरून १८९९ पासून उठलेले वादळ या शहराने पाहिले आहे. वेद कुणी म्हणायचे आणि कुणासाठी म्हणायचे, या प्रश्नावर इथल्या पिढ्या वाढल्या. तो रेडा पाहताना माझ्या वडिलांच्या पिढीला शाहू महाराज आठवत आणि टाळी पडे. पण नातीचा प्रश्न त्याच्याही पुढचा होता. चमत्कार हे एक प्रकारचे गुणपत्रक आहे. मुलांनी भिंत चालवली, पाठीवर मांडे भाजले, म्हणजे ती पास झाली आणि गावाने त्यांना आत घेतले. ज्यांना भिंत चालवता येत नाही अशा मुलांचे काय, हे संतपट सांगत नाहीत. प्रभातच्या मंडळींनी चालत्या भिंतीचे दृश्य त्या काळात ज्या कौशल्याने घेतले त्याला तोड नाही. नातीनेही “हे कसं केलं असेल?” म्हणून ते पुन्हा लावून बघितले. पण भिंत चालली की आपण बघणारेही सुटतो. गावाने काय केले होते ते विसरून टाळ्या वाजवायला मोकळे होतो.

मी तिला चांगदेवांच्या कोऱ्या पत्राची गोष्ट सांगितली. चौदाशे वर्षे जगलेला योगी, या पोरांना काय मायना लिहावा कळेना. वडील म्हणावे तर वयाने लहान, लहान म्हणावे तर ज्ञानाने मोठी. म्हणून कोरा कागद पाठवला. त्यावर, इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला की, असे म्हणणारी मुक्ताई. “टायपिंग टायपिंग दिसत राहतं आणि मेसेज येतच नाही, तसं,” नात म्हणाली. मग ताटीच्या अभंगांची गोष्ट सांगितली. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानदेव झोपडीची ताटी, म्हणजे काटक्यांचे दार, लावून आत बसले. बाहेर धाकटी बहीण. ती ना ओरडली, ना तिने कुणाचे उदाहरण दिले. दार उघडा म्हणून विनवत, समजावत बसून राहिली.

“किती वेळ?” नातीने विचारले.

ते कुठे लिहिलेले नाही, असे मी सांगितले.

साडेनऊला मुलगा आला. बॅग दारात ठेवून त्याने पडद्याकडे पाहिले. नातीने मागे जाऊन चालती भिंत पुन्हा लावली होती. तो तिथेच उभा राहिला. मग पाणी प्यायला आत गेला, आणि मी त्याच्या मागे गेलो. ही ताटे काढत होती, आम्हाला पाहून ती का कोण जाणे बाहेर निघून गेली.

मी म्हणालो, “मागं एकदा मी रेड्यावरून तुला बोललो होतो.”

“लक्षात आहे तुमच्या?”

“आहे.”

“मला वाटलं माझ्याच आहे फक्त.” त्याने तांब्या खाली ठेवला. आता तो बेचाळीस वर्षांचा आहे, कानांवर केस पिकले आहेत, हाताखाली तीस-चाळीस माणसे काम करतात. गणित त्याला पुढे चांगले जमले.

“त्या रात्री कुठं गेला होतास?”

“रंकाळ्यावर. संध्यामठाच्या बाजूला.”

“तिथं कशाला?”

“बसलो होतो.”

रंकाळ्याबद्दल कोल्हापूरच्या माणसाला जास्त सांगावे लागत नाही. मी ओट्याला धरून उभा राहिलो. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, “काय नाही बाबा, नुसता बसलो होतो. कितीतरी वेळ. मग एक भेळवाला गाडा बंद करून घरी चालला होता. माझ्याकडं बघून थांबला. कुठल्या गल्लीचा रे तू, म्हणाला. राजारामपुरी म्हटलं. म्हणाला, मला बागल चौकात जायचंय, बस सायकलवर मागं. वाटेत पुडीतले उरलेले चुरमुरे दिले खायला. कोपऱ्यावर सोडलं आणि म्हणाला, जा आता, आई वाट बघत असंल.”

“त्यानं काय विचारलं नाही?”

“नाही. सगळ्या वाटेनं त्याच्या म्हशीचंच सांगत होता. कालपासून वैरण खात नाही म्हणून.”

मी त्याला क्षमा मागितली की नाही, हे मला नीट सांगता येणार नाही. काहीतरी म्हणालो. आवाज नीट निघाला नसावा, कारण तो “काय?” म्हणाला आणि मग “राहू द्या की” म्हणाला. आमच्या घरात एवढे बोलणे पुष्कळ झाले. तो भेळवाला हयात आहे की नाही कोण जाणे. गेल्या वर्षभरात मी संध्याकाळी तीन-चारदा रंकाळ्यावर जाऊन गाड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांकडे बघून आलो आहे. विचारायचे तरी काय?

बाहेर आलो तेव्हा नात दारातच उभी होती. किती ऐकले होते देव जाणे.

“बाबा, तू गणितात नापास झाला होतास?”

“सहामाहीत. एकतीस.”

“शंभरपैकी?”

“मग कितीपैकी?”

ती इतकी हसली की ही आतून विचारू लागली, काय झाले म्हणून. महिनाभरात ती पहिल्यांदा तशी हसली. हसू ओसरल्यावर तिने मोबाईल हातात घेतला. “तू हा पिक्चर पूर्ण बघितलाच नाहीस मग?”

“नाही.”

“पुढं समाधी आहे. आजोबा म्हणतात, एकविसाव्या वर्षी. आणि मग वर्षाच्या आत बाकीचे तिघंपण गेले.” ती जरा थांबली. “मला ते आवडत नाही. पण बघायचंय. निवृत्तीला कसं वाटलं असेल ते बघायचंय.”

मी म्हणालो की नामदेवांनी ते लिहून ठेवले आहे, ते तिथे होते, समाधीच्या अभंगांत निवृत्तिनाथांचा शोक आहे. ती म्हणाली, “मग ते पुस्तक मला द्या. पण आधी हे.”

मुलगा सोफ्यावर बसला नाही, जमिनीवर तिच्याशेजारी बसला, लहानपणी बसत असे तसा, गुडघे पोटाशी घेऊन. जेवणे थंड होत होती. ही दोनदा सांगून गेली.

“कुठपर्यंत बघितला होतास?” नातीने विचारले.

“रेड्यापर्यंत.”

तिने चित्र मागे नेले. पैठणचा चौक आला, माणसे जमली, दोरी धरून रेड्याला ओढत आणले. मुलाने माझ्याकडे वळून पाहिले आणि हात पुढे केला. मला कळेना काय हवे आहे. मग कळले. मी टीव्हीचा रिमोट त्याच्या हातात दिला आणि मागे खुर्चीवर जाऊन बसलो.